अमेरिकन रेडिओवरच्या रहस्यनाटिका: गोष्टी विसरल्या, निवेदक का नाही विसरले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत सत्तरच्या दशकात वाढलेली माणसं रात्रीच्या रेडिओ रहस्यनाटिकांबद्दल बोलायला लागली की त्यांना गोष्टींची नावं आठवत नाहीत, पण निवेदकाचा आवाज, दाराची करकर आणि निरोपाचं वाक्य तोंडपाठ असतं. असं का? आणि आज ते ऐकायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?

मी नभोनाट्यं बसवते. नट, माइक आणि आवाज यांच्याशी रोजचा संबंध येतो, त्यामुळे उत्तर त्या बाजूनं देते. गोष्टी आठवत नाहीत, कारण त्यातल्या पुष्कळशा आठवण्यासारख्या नव्हत्याच. निवेदक आठवतो, कारण अख्ख्या कार्यक्रमात तो एकटाच तुमच्याशी बोलत असतो. बाकीची सगळी पात्रं आपापसांत बोलतात आणि तुम्ही चोरून ऐकता.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘जुन्या रेडिओ रहस्यनाटिका’ म्हणताना लोक दोन वेगळे काळ एकत्र करतात. पहिला काळ तीस ते पन्नासच्या दशकांचा. ‘इनर सँक्टम’ १९४१ ते १९५२, ‘द व्हिसलर’ १९४२ ते १९५५, ‘सस्पेन्स’ १९४२ ते १९६२. टीव्हीनं जाहिरातदार पळवले आणि ३० सप्टेंबर १९६२ला ‘सस्पेन्स’चा शेवटचा भाग झाला. रेडिओ नाटकाचा सुवर्णकाळ त्या दिवशी संपला असं अमेरिकेत सर्रास म्हणतात. दुसरा काळ ६ जानेवारी १९७४ला सुरू झाला. ‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’ हा कार्यक्रम तेव्हापासून ३१ डिसेंबर १९८२पर्यंत चालला आणि त्याचे १,३९९ नवे भाग झाले. पुनःप्रसारणं वेगळीच.

गंमत अशी की ‘मध्यरात्रीचा कार्यक्रम’ म्हणून आठवले जाणारे पहिल्या काळातले बरेच कार्यक्रम मध्यरात्री नव्हतेच. कुटुंबाचं जेवण आटोपल्यावर, आठ-नऊच्या सुमाराला ते लागायचे. खरोखर मध्यरात्रीचा होता तो ‘लाइट्स आउट’. १९३४मध्ये विलिस कूपरनं शिकागोत सुरू केलेला. तिथे डोकं उडवायचं तर कोबीच्या गड्ड्यावर सुरा मारायचे. माणूस आतून बाहेर उलटा होतो असा एक प्रसंग होता, त्यासाठी ओला रबरी हातमोजा उलटा करायचे आणि हाडांसाठी फळांची टोपली चुरडायचे. कूपरनंतर १९३६मध्ये आर्च ओबोलर आला, त्यानं हा प्रकार आणखी पुढे नेला. बाकीच्या कार्यक्रमांची वेळ आठवणीनं स्वतःच पुढे सरकवली आहे. त्यात नवल नाही, कारण ते ऐकलं जायचं अंथरुणात, दिवा मालवून.

आता निवेदकांकडे येऊ. दोन्ही काळांना जोडणारा माणूस निवेदक नाही, निर्माता-दिग्दर्शक आहे: हायमन ब्राउन. ‘इनर सँक्टम’ त्याचा आणि ‘मिस्टरी थिएटर’ही त्याचाच. दाराची करकर त्यानंच दोन्हीकडे वापरली. ‘इनर सँक्टम’मधल्या करकरीचा किस्सा असा सांगतात की आधी खरं दार आणलं होतं, पण ते ऐन वेळी करकरेना, म्हणून ब्राउननं शेजारची गंजकी खुर्ची फिरवून आवाज काढला आणि पुढे तीच खुर्ची कायम झाली. एकदा कुणीतरी भल्या मनानं त्या खुर्चीला तेल घातलं, तेव्हा ध्वनिसंयोजकाला करकर तोंडानं काढावी लागली. किस्सा मीठ-मसाला लावलेला असेलही, पण आमच्या कामात असं घडतं एवढं मी सांगू शकते.

‘इनर सँक्टम’चा पहिला निवेदक रेमंड एडवर्ड जॉन्सन. स्वतःची ओळख नुसती ‘रेमंड’ अशी करून द्यायचा आणि मढी, थडगी, शवपेट्या यांवर अतिशय फालतू कोट्या करायचा. फालतू हे दूषण म्हणून म्हणत नाही. कोट्या मुद्दाम तशा होत्या. त्या ऐकून श्रोता हसतो, सैल होतो, आणि सैल झालेल्या माणसाला घाबरवणं सोपं असतं. तो सैन्यात गेल्यावर १९४५मध्ये पॉल मॅकग्राथ आला. लिप्टन चहाच्या प्रायोजकत्वाच्या काळात मेरी बेनेट नावाची गोड आवाजाची बाई मध्येच येऊन चहा आणि सूप विकायची आणि निवेदकाच्या भयाण बोलण्याबद्दल त्याला लटकं रागवायची. आज ते ऐकताना हसू येतं, पण रचना म्हणून पक्की आहे. जाहिरात अडथळा न राहता त्या कार्यक्रमाचंच एक पात्र झाली.

ई. जी. मार्शल याच्या अगदी उलट. ‘मिस्टरी थिएटर’चा तो १९७४पासून १९८२च्या सुरुवातीपर्यंत निवेदक होता. त्याच्या निवडीतच ब्राउनची हुशारी दिसते. अमेरिकन प्रेक्षकांना मार्शल माहीत होता तो शांत, तर्कशुद्ध माणूस म्हणून. ‘१२ अँग्री मेन’ या १९५७च्या चित्रपटात उकाड्यानं सगळे घामाघूम झालेले असतात आणि ज्या ज्युरीला घामच येत नाही, तो हा. ‘द डिफेंडर्स’ या टीव्ही मालिकेत वकील. असा माणूस रात्री दार उघडून तुम्हाला आत बोलावतो आणि शांतपणे विचारतो, मेलेला माणूस सूड घेऊ शकतो का? भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यानं हा प्रश्न विचारला तर आपण सोडून देतो. न ठेवणाऱ्यानं विचारला की पंचाईत.

मार्शल भीती दाखवत नाही, हे नीट ऐका. आवाज खोल करत नाही, कुजबुजत नाही, शब्द ताणत नाही. वाक्य सरळ, गती जवळपास बातमीपत्राची. संपूर्ण तासात तो फक्त एका ठिकाणी खेळतो, निरोपाच्या वाक्यात. ‘पुन्हा भेटेपर्यंत, गोड...’ आणि मग थांबतो, ‘स्वप्नं?’ शेवटी सूर किंचित वर. ‘इनर सँक्टम’मध्येही निरोप ‘गोड स्वप्नं’ असाच होता, पण तिथे तो एक काळा विनोद होता. मार्शलनं त्याचा गंभीर प्रश्न केला. मी नव्या नटांना ही जागा ऐकवते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं संयम ठेवल्यावर एका विरामाला किती वजन येतं, ते व्याख्यानानं सांगता येत नाही.

‘द व्हिसलर’चा निवेदक हा तिसरा प्रकार, आणि लेखनाच्या दृष्टीनं मला सगळ्यात आवडणारा. पावलांचा आवाज, मग तेरा स्वरांची एक विचित्र शीळ. धून विल्बर हॅचची, शीळ वर्षानुवर्षं डोरोथी रॉबर्ट्स घालायची. मग निवेदक, जो बहुतेक काळ बिल फोरमन होता, सांगायचा की मी रात्री हिंडतो आणि मला पुष्कळ गोष्टी ठाऊक आहेत. पण खरी युक्ती पुढेच आहे. गोष्ट चालू असताना तो खुन्याशी बोलतो, द्वितीय पुरुषात. तू आता दार लावलंस. तुला वाटतंय कुणी पाहिलं नाही. हे ‘तू’ अंधारात पडलेल्या श्रोत्याच्याही कानावर पडतं, आणि अर्ध्या तासात आपण नकळत खुन्याच्या बाजूला जाऊन बसतो. खून पचावा अशी इच्छा मनात आली की शेवटचा फासा उलटा पडतो. हे छापील कथेत कृत्रिम वाटतं, पडद्यावर तर जमतच नाही. रेडिओवर मात्र तो आवाज कुठून येतोय याचं कुणी स्पष्टीकरण मागत नाही.

‘द मिस्टीरियस ट्रॅव्हलर’ १९४३ ते १९५२ या काळात म्युच्युअल नेटवर्कवर होता. त्यात मॉरिस टार्प्लिन आगगाडीत तुमच्या शेजारी बसलेला प्रवासी असायचा. ‘द शॅडो’ तर १९३०मध्ये निवेदक म्हणूनच जन्माला आला. डिटेक्टिव्ह गोष्टी सांगणारा एक आवाज, पुढे लोकप्रिय झाला म्हणून स्वतःच नायक बनला. १९३७मध्ये तरुण ऑर्सन वेल्सनं तो केला. अदृश्य होऊ शकणारा नायक रेडिओला यापेक्षा सोयीचा कोणता असणार? तो अदृश्य झाला हे कळावं म्हणून त्याचा आवाज फिल्टरमधून, टेलिफोनवर येतो तसा, काढायचे.

आपल्याकडचा सूत्रधार नांदी झाली की विषय सांगून बाजूला होतो. हे निवेदक बाजूला होत नाहीत. ‘मिस्टरी थिएटर’ची संहिता पाहिली तर प्रस्तावना, तीन अंक आणि समारोप अशी घडण दिसते, आणि प्रत्येक सांध्यावर मार्शल उभा. उशिरा रेडिओ लावणाऱ्यासाठी तो आधीचा सारांश देतो, पण सारांश वाटू न देता. मधले सहा महिने एका वाक्यात ओलांडतो. स्थळ बदलतो. जाहिरातीच्या अलीकडे एक शंका टांगून ठेवतो आणि पलीकडे तीच शंका थोडी वाकवून परत देतो. दृश्य नाटकात ही कामं प्रकाश, पडदा, नेपथ्य करतात. रेडिओवर हे सगळं एका माणसाच्या गळ्यावर येतं. नाटकात त्याचे शब्द थोडे असतात, पण तो गेला तर नाटक कोसळतं.

आता माइकबद्दल, कारण या ओढीचं निम्मं रहस्य तिथे आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. चाळीसच्या दशकात अमेरिकन स्टुडिओंमध्ये आरसीए कंपनीचे रिबन माइक असत, ‘४४’ हा त्यातला प्रसिद्ध. हा माइक पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही कडांना जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे नट समोरासमोर उभे राहून बोलू शकत, आणि ‘खोलीतून बाहेर जायचं’ असेल तेव्हा नट एक-दोन पावलं कडेला सरकला की आवाज दूर गेल्यासारखा वाटे. त्याचा दुसरा गुण म्हणजे तोंड जितकं जवळ न्याल तितका खर्ज फुगतो. नट दीड-दोन हातांवरून बोलतात, म्हणून ते ‘खोलीत’ असतात. निवेदक जवळून, हळू बोलतो, म्हणून तो खोलीत नसतोच. तो तुमच्या उशीपाशी असतो. तुम्ही कधी लक्षपूर्वक ऐकलंत तर निवेदक आणि नट यांच्यातला हा अंतराचा फरक स्पष्ट कळेल. माझ्या मते तीच भीतीची खरी जागा आहे. भूत पलीकडच्या खोलीत आहे आणि त्याबद्दल सांगणारा मात्र अगदी शेजारी.

आणखी एक कारण निसर्गाचं. अमेरिकेतले हे कार्यक्रम एएम, म्हणजे मीडियम वेव्हवर ऐकले जायचे. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो, त्यामुळे स्टेशन आसपासच्या टापूतच ऐकू येतं. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल लांब उतरतात. सेंट लुईसचं ‘केएमओएक्स’, ११२० किलोहर्ट्झवरचं ५० किलोवॉटचं स्टेशन, रात्री कितीतरी राज्यांत ऐकू येतं. पण असा आलेला आवाज स्थिर नसतो. मोठा होतो, विरतो, खरखरीत बुडतो, परत येतो. ऐन खुनाच्या क्षणी आवाज गेला की श्रोता कान रेडिओला लावतो. हा परिणाम कुठल्याही दिग्दर्शकानं बसवलेला नव्हता. त्यात पलंगावर ट्रान्झिस्टर घेऊन पडलेलं पोर असेल आणि आईबाबांना कळू नये म्हणून आवाज बारीक ठेवलेला असेल, तर चोरून ऐकण्याची गोष्ट अक्षरशः खरी होते.

गोष्टी सामान्य होत्या असं मी वर म्हटलं, त्याचा खुलासा करायला हवा. ‘मिस्टरी थिएटर’चे वर्षाला सरासरी दीडशेहून जास्त नवे भाग. सॅम डॅन, इयान मार्टिन, हेन्री स्लेसर अशी थोडी मंडळी भाराभर लिहीत होती. सकाळी नट जमायचे, वाचन व्हायचं आणि दुपारपर्यंत ध्वनिमुद्रण संपायचं. नामवंतांनाही युनियनचा ठरलेला किमान दर मिळे. या वेगात सफाई येते, पण प्रत्येक वेळी सोनं निघत नाही. नवऱ्यानं बायकोला वेडं ठरवायचा कट, वारसाहक्काचं जुनं घर, मेलेल्याचं पत्र, हे साचे फिरून फिरून येतात. शेवटही पुष्कळदा घाईचा. पण नट पक्के होते, जुन्या रेडिओत तयार झालेले. पहिल्याच भागात अ‍ॅग्नेस मूरहेड होती, जी १९४३मध्ये ‘सस्पेन्स’वर ‘सॉरी, राँग नंबर’ करून घराघरांत पोचली होती. तो भाग प्रसारित झाल्यावर काही महिन्यांतच, एप्रिल १९७४मध्ये ती गेली.

मूरहेड, तेच दार, तीच ‘गोड स्वप्नं’. म्हणजे १९७४चा कार्यक्रम मुळातच गतकाळाच्या ओढीवर उभा होता. पालकांना त्यात स्वतःचं लहानपण ऐकू येत होतं, मुलांना ते नवं होतं. आज तीच मुलं साठी-सत्तरीची झाली आणि त्या ओढीचीच त्यांना ओढ लागली आहे. मला यात काही वावगं वाटत नाही.

त्याच सुमारास इतरांनीही प्रयत्न केले. १९७३मध्ये टीव्ही लेखक रॉड सर्लिंगच्या निवेदनानं ‘द झिरो अवर’ आला. एक गोष्ट आठवड्याचे पाच दिवस चालायची. मंगळवार चुकला की बुधवारी काही कळायचं नाही, आणि १९७४मध्ये तो संपला. १९७९च्या ‘सिअर्स रेडिओ थिएटर’मध्ये प्रत्येक रात्रीला वेगळा निवेदक होता आणि रहस्याच्या रात्री खुद्द व्हिन्सेंट प्राइस, भयपटांचा प्रसिद्ध नट. प्राइसचा आवाज मार्शलपेक्षा कितीतरी भारी. तरीही त्याचं निवेदन तसं रुजलं नाही. आठवड्यातून एकदा येणारा पाहुणा राहतो. मार्शल रोज येत होता.

१९८२च्या फेब्रुवारीत मार्शलची जागा टॅमी ग्राइम्सनं घेतली. ब्रॉडवेची नामांकित नटी, घोगरा आणि फार देखणा आवाज. निवेदन म्हणून ती कमी नव्हती, पण आठ वर्षं एका आवाजाची सवय झालेल्या कानाला ती दुसऱ्याच्या घरात आल्यासारखी वाटते. त्या वर्षअखेरीस कार्यक्रमच थांबला. पुढे काही भागांचं पुनःप्रसारण झालं तेव्हा मार्शलची निवेदनं काढून ब्राउननं ती स्वतःच्या आवाजात घातली. दार करकरवणारा तोच, पण जुन्या श्रोत्यांना ते भाग परके वाटतात. नाटक तेच, नट तेच, फक्त निवेदक बदलला. तुमच्या प्रश्नाचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आजच्या श्राव्य मालिकांमध्ये हे का होत नाही, असंही तुम्ही सूचकपणे विचारलं आहे. तंत्र आज कितीतरी पुढे आहे. पण आता भाग तुमची वाट बघतो, तेव्हा तुम्ही भागाची वाट बघायचात. ठरलेल्या वेळी तोच माणूस येणार हे नातं त्यातून गेलं. शिवाय आजचे बरेच निर्माते निवेदक टाळतात. सगळं ध्वनीतून उलगडावं असा अट्टहास असतो, आणि मग दर दोन मिनिटांनी पात्रांना एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी सांगाव्या लागतात. ‘अरे, ही तर आपल्या आजोबांची तिजोरी!’ मार्शलनं ती तिजोरी चार शब्दांत आणून ठेवली असती. निवेदकाला कालबाह्य म्हणणाऱ्यांशी माझं इथे वाजतं.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘मिस्टरी थिएटर’पासून करू नका, भाग फार आहेत आणि पहिले दोन-तीन फिके निघाले तर सोडून द्याल. आधी ‘सस्पेन्स’ घ्या. ल्युसिल फ्लेचरनं लिहिलेलं ‘सॉरी, राँग नंबर’, मे १९४३चं पहिलं सादरीकरण. अंथरुणाला खिळलेली बाई, एक टेलिफोन आणि चुकून जुळलेल्या लाइनवर ऐकू आलेला खुनाचा बेत. त्याच लेखिकेचं ‘द हिच-हायकर’, ऑर्सन वेल्ससह, संगीत बर्नार्ड हर्मनचं. मग १९४६चं ‘द हाउस इन सायप्रस कॅनियन’. ‘एस्केप’ या भगिनी मालिकेतलं १९४९चं ‘थ्री स्केलेटन की’, दीपगृह आणि उंदीर. ते ऐकताना एवढंच लक्षात ठेवा की उंदीर स्टुडिओत नव्हते. नंतर ‘व्हिसलर’चे दोन-तीन भाग आणि त्यावर ‘मिस्टरी थिएटर’चा पहिला, ‘दि ओल्ड वन्स आर हार्ड टू किल’.

हेडफोनपेक्षा एका छोट्या स्पीकरवर ऐका. हे सगळं एका वाहिनीच्या, मोनो ध्वनीसाठी बेतलेलं आहे. रात्री एकच भाग, आणि मार्शल बोलत असताना पुढे ढकलायचं नाही.

प्रतींबाबत एक सूचना. इंटरनेट आर्काइव्हवर यातलं पुष्कळ मिळतं, पण एकाच भागाच्या दोन-तीन तऱ्हेच्या प्रती असतात. चाळीसच्या दशकातले काही भाग अमेरिकन सैन्याच्या रेडिओसाठी बनवलेल्या तबकड्यांवरून आलेत. त्यात जाहिराती कापलेल्या आहेत, आणि ‘इनर सँक्टम’च्या बाबतीत जाहिरात गेली की मेरी बेनेट आणि निवेदकाची जुगलबंदीही जाते. ‘मिस्टरी थिएटर’च्या बऱ्याच प्रती श्रोत्यांनी घरच्या टेपवर रेडिओवरून उतरवलेल्या आहेत. खरखर, स्थानिक जाहिराती, कधी तासाच्या बातम्यांची सुरुवात, सगळं त्यात आहे. कुणीतरी नीट साफ करून, जाहिराती काढून चाळीस मिनिटांची केलेली प्रत आणि अशी कच्ची प्रत, दोन्ही समोर असतील तर पहिल्यांदा कच्चीच घ्या.